आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी: वाताची टेस्ट कधी करायची आन् रिपोर्ट कसा बघायचा

सकाळी उठल्या उठल्या बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, भाकरी थापता येईना आणि अर्धा-पाऊण तास झाला तरी हात मोकळा होत नाही, असं दोन्ही हातांना दीड महिन्याच्या वर चाललं असेल तर अंगावर काढू नका. आपल्याकडं मराठवाड्यात कापूस वेचायच्या दिवसांत बायका हे दुखणं सरळ कामावर ढकलतात. पण कामाचं दुखणं झोपेनं हलकं होतं, आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थरायटिस, सांध्यांना सूज आणणारा आजार) पहाटे जास्त असतं, एवढं तरी ध्यानात ठेवा.

आता टेस्ट. लॅबमधी "वाताचं पॅकेज" म्हणलं की एएसओ आणि युरिक ॲसिड पण घालतात. एएसओ घशाच्या इन्फेक्शननंतरच्या तापासाठी असते, युरिक ॲसिड गाऊटसाठी (युरिक ॲसिड सांध्यात साठून होणारं दुखणं), आमवात दोन्हीतून कळत नाही. डॉक्टरला विचारून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवातात रक्तात सापडणाऱ्या अँटीबॉडीच्या टेस्ट) दोन्ही सोबत करा, जोडीला ईएसआर, सीआरपी (या दोन्ही अंगातली सूज दाखवतात) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). अँटी-सीसीपी महाग पडते म्हणून बरेच जण सोडून देतात, पण माझ्या मते पैसे वाचवायचेच असतील तर पॅकेजमधलं बाकीचं सोडा, ही सोडू नका. उपाशीपोटी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, काही मशिनवर त्यानं आकडा चुकतो. आणि कुणाच्या पुड्या खात असाल तर तेही लपवू नका, त्यात कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं, मग सूज दबते आणि सीआरपी कमी येतो.

रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह बघून घाबरू नका, आकडा बघा आणि बाजूला छापलेली रेंज बघा, रेंज प्रत्येक लॅबची वेगळी असते. समजा वरची मर्यादा 20 आहे आणि तुमचं 35 आलं तर ते कमी पॉझिटिव्ह, 60 च्या वर गेलं म्हणजे तिपटीच्या पुढं, ते जास्त पॉझिटिव्ह. अमेरिका-युरोपच्या डॉक्टरांनी 2010 मधी आमवात ओळखायला जे निकष ठरवले त्यात 10 पैकी 6 गुण लागतात, कमी पॉझिटिव्हला 2, जास्तला 3. बाकीचे गुण कुठले आणि किती सांधे धरलेत, ईएसआर-सीआरपी वाढलंय का, किती दिवस झाले, यावरून. म्हणजे नुसत्या या रक्ताच्या रिपोर्टवर आमवात ठरतच नाही, सांधे दाबून बघावेच लागतात.

आरए फॅक्टर हिपॅटायटिस सी, टीबी, किंवा एकदम धडधाकट म्हाताऱ्या माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी त्यापेक्षा पक्की, ती कधीकधी दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीच रक्तात सापडते. पण उलटंही लक्षात घ्या, आमवात असून दोन्ही निगेटिव्ह असलेले पेशंट असतात, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल, काही नाही" म्हणून कुणी परत पाठवलं आणि बोटांची सूज तशीच असेल तर गप्प बसू नका, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला (वाताच्या स्पेशालिस्ट डॉक्टरला) दाखवा, चिकुनगुनिया झाला होता का तेही सांगा, त्यानंतरही सांधे महिनोन्महिने दुखतात.

एकदा निदान झालं की दर महिन्याला आरए फॅक्टर करत बसू नका, औषध लागू पडतंय का ते ईएसआर, सीआरपी आणि सांध्यांवरून बघतात. दाखवायला जाताना जुने रिपोर्ट न्या, सकाळी हात किती वेळ आखडतो ते घड्याळ बघून लिहा, आणि सूज असेल त्याच दिवशी मोबाईलवर हाताचा फोटो काढून ठेवा, कारण दुपारी ओपीडीत नंबर लागेपर्यंत ती उतरलेली असते.