परसबागेतले इवले पतंग कसे शोधावेत

लहान रंगीत पतंग पाहायला जंगलात जावं लागत नाही. दारात काकडी, माठ, वांगी, लिंबू यांतलं काही असलं की पुरे. ज्यांना आपण फक्त 'अळी' म्हणून शिव्या घालतो, त्यांचेच हे पंख फुटलेले अवतार. फवारलेल्या झाडावर मात्र शोधू नका.

अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन पानांच्या खालच्या बाजू बघा. उजेड तिरका मारा. थेट झोतात पतंग उडून जातो. काकडीवर पांढऱ्या अर्धपारदर्शक पंखांना गडद तपकिरी किनार आणि शेपटाशी केसांचा झुपका दिसला, तर तो डायफॅनिया इंडिका. माठाच्या भाजीत पाय ठेवताच पांढऱ्या पट्ट्याचे तपकिरी पतंग भुर्रकन उठतात, ते स्पोलॅडिया. हे दिवसाही दिसतात. एरंड, हळद किंवा आल्याजवळ पिवळ्याधमक पंखांवर काळे ठिपके असलेला कोनोगेथिस शोधा. वांग्याचे शेंडे व फळं पोखरणारी अळी पतंग झाली की पांढऱ्यावर गुलाबी-तपकिरी नक्षी मिरवते, आणि बसताना पोटाचं टोक वर वाकवते. यावरून ती चटकन ओळखू येते.

दिव्याच्या उजेडात चादर टांगून पतंग बोलवायचे असतील तर ती पांढरी सुती हवी, आणि लावावी पावसाळ्यात, अमावास्येच्या आसपास, वारा पडल्यावर. खालची कड जमिनीवर पसरा, बरेच पतंग तिथेच बसतात. घरातल्या एलईडी बल्बमध्ये अतिनील किरण जवळपास नसतात, म्हणून त्यावर फारसं काही येत नाही. अतिनील दिवा लावलात तर त्याच्याकडे टक लावून बघू नका. फोटो निळा येतो, त्यासाठी बाजूने टॉर्च धरा. झोपण्याआधी दिवा बंद करून चादर हलकेच झटका, नाहीतर सकाळी बुलबुल मेजवानी झोडतात. हाताने पकडू नका, पंखांवरचे खवले निघतात आणि रंगही त्यांच्याबरोबर जातो.

सगळ्यात इवला लिंबावरच्या नागअळीचा पतंग, पंख पसरून जेमतेम 4-5 मिमी. कोवळ्या पानात या अळीने पोखरलेली नागमोडी चंदेरी रेघ जिथे संपते, तिथे पानाची कड दुमडलेली असते, कोष तिच्यात. असं पान देठासकट तोडून पारदर्शक डबीत, किंचित ओलसर टिश्यूवर ठेवा. टिश्यू चिंब असला तर बुरशी येते, कोरडा असला तर पान सुकून कोषही वाळतो. डबी उन्हात नको. पतंग निघाला की 10 पट भिंग डोळ्याशी टेकवा आणि डबी अडीच सेंमीपर्यंत जवळ आणा: रुपेरी पंख, टोकाला एकेक काळा ठिपका. कधी पतंगाऐवजी चिमुकली परजीवी गांधीलमाशी बाहेर पडते. म्हणून एकाच पानावर विसंबू नका, पाच-सहा पानं ठेवा.