सर्गियेव पसादची दुपार, आणि तिकीट कुठल्या खिशात

मॉस्कोत येऊन महिना झाला की आपली मंडळी रेड स्क्वेअरचे फोटो घरी पाठवून मोकळी होतात आणि मला विचारतात, "ताई, आता कुठे जायचं?" चौदा वर्षं माझं उत्तर एकच आहे: सर्गियेव पसाद. सत्तरेक किलोमीटरवरचं गाव, लोकलने दीड तास, आणि बघायचा तो तिथला जुना ख्रिस्ती मठ.

ही लोकल, म्हणजे इलेक्ट्रिच्का, यारोस्लाव्स्की स्टेशनवरून सुटते. पाटीवर आलेक्सांद्रोव्ह असलं तरी बिनधास्त चढा, ती पसादवरूनच पुढे जाते. मोनिनो किंवा फ्रियाझिनो असेल तर नको. कल्याणला कसारा-कर्जत फुटतात, तसा इथे वाटेत फाटा आहे. रशियन अक्षरं वाचता येण्याआधी निघूच नका. आणि कामाच्या दिवशी भर दुपारी रुळांच्या कामासाठी बराच वेळ गाड्या नसतात, तेव्हा वेळापत्रक बघून निघा. डिसेंबरात चारला अंधार पडतो. त्या दिवसांत दुपारची सहल म्हणजे सकाळी दहाला घर सोडणं.

आता माझं रडगाणं. पासपोर्ट, रजिस्ट्रेशनचा (राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा) कागद आणि मायग्रेशन कार्ड जवळ हवंच, पोलीस कधीही विचारतात. मायग्रेशन कार्ड म्हणजे देशात शिरल्याची नोंद म्हणून विमानतळावर पासपोर्टात सरकवून देतात ते चिठोरं. पहिल्या हिवाळ्यात मी लोकलचं तिकीटही त्याच पासपोर्टात ठेवलं. परत आल्यावर यारोस्लाव्स्कीला बाहेर पडतानाही फाटकावर तिकीट दाखवावं लागतं. मागे गर्दी, हातात जाड मोजे. तिकीट खस्सकन ओढलं, फाटक उघडलं, मी बाहेर. कार्ड कुठे गळलं ते घरी पोचल्यावर कळलं. नवीन मिळेपर्यंत तीन आठवडे, ऑफिसच्या चार खेपा, आणि बहिणीच्या लग्नाचं विमान हुकलं ते वेगळंच. चूक सर्वस्वी माझी. म्हणून तिकीट कोटाच्या बाहेरच्या खिशात, कागद आतल्या चेनच्या खिशात. एवढं सांगूनही गेल्या वर्षी एका पोराने दोन्ही एकाच पाकिटात कोंबलं होतं.

पैसे रोख न्या. भारतातलं व्हिसा, मास्टरकार्ड 2022 पासून इथे चालत नाही.

स्टेशनवरून मठापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालायचं. ब्लिन्नाया गोरा नावाची टेकडी लागते. ब्लिनी म्हणजे त्यांची घावनं. म्हणजे आपल्या भाषेत घावनटेकडी. तिथून पांढरी भिंत, निळे घुमट आणि 88 मीटरचा घंटामनोरा एकदम समोर येतो. इथे थांबा, फोटो इथेच काढून घ्या, कारण आत देवळात मोबाइल काढलात की एखादी आजी खेकसणारच.

आत जायला तिकीट नाही. बायकांनी डोक्यावर रुमाल घ्यायचा, पुरुषांनी टोपी काढायची. चपला-बूट मात्र काढायचे नाहीत! मी पहिल्यांदा दारात बूट ठेवायला जागा शोधत होते. प्रार्थना उभ्याने असते. खिशात हात घालून उभं राहिलात तर आजी हळूच मनगटाला हात लावते. राग मानू नका, ती स्वतःच्या नातवालाही तसंच करते. आपले काही लोक मोठ्या आवाजात "हे बघ रे, सोनं खरं का?" करत फिरतात, त्यांच्यासोबत जाऊ नका.

सगळं बघायचा हट्ट नको. 1422च्या सुमाराला बांधायला घेतलेलं त्रित्स्की देऊळ छोटं, काळोखं. आत हा मठ स्थापणाऱ्या संत सर्गेईच्या अवशेषांपुढे रांग असते आणि भजनासारखं गाणं चालू असतं. रांगेत उभे राहा, अर्धा तास गेला तरी चालेल. निळ्या घुमटांचं मोठं देऊळ झार (रशियाचा राजा) इव्हान द टेरिबलच्या काळात सुरू झालेलं. त्या देवळाबाहेर भिंतीपाशी नंतरचा झार बोरिस गोदुनोव्ह याची कबर आहे. इतका साधा कट्टा की लोक शेजारून निघून जातात. 1608 ते 1610 असे सोळा महिने या भिंतींनी वेढा सोसला, हे आमच्या गडकोटप्रेमींना आवडतं. गावात म्हातारी माणसं अजून झागोर्स्क म्हणतात, सोव्हिएत काळातलं नाव ते.

शाकाहारींनो, "मांस नको" एवढंच सांगितलंत तर चिकनचं सूप येईल. "पोस्नोये" म्हणा, उपवासाचं. मग मांस, अंडं, दूध काहीच नसतं. मासा तेवढा विचारून घ्या. कोबीची किंवा मशरूमची पिरोगी खा. मात्र्योश्का, म्हणजे एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या, मॉस्कोच्या अर्बात रस्त्यावर घेऊ नका, इथे घ्या.

परतीच्या गाडीत बाकाखाली हीटर असतो. तिथे पिशवी ठेवू नका. माझं अर्धा किलो लोणी बाहुलीच्या पोटात झिरपलं होतं. ती अजून कपाटात आहे, उघडत नाही.