खडा चढ चढताना दम कसा टिकवायचा (आणि उतरताना गुडघे)

खड्या चढावर बहुतेकांची वाट पहिल्या अर्ध्या तासातच लागते, कारण पाय ताजे असतात आणि पुढचा ग्रुप दिसला की त्याला गाठायची खाज असते. तिथेच हळू चला, अगदी लाज वाटेल इतकं हळू. चालताना आख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांत धाप लागत असेल तर बसकण मारू नका, स्पीड कमी करा.

निघायच्या आधी नुसते किलोमीटर बघू नका, चढ किती मीटर आहे ते बघा, खरी गोम तिथे असते. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब अजूनही चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ६ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळपास पावणेतीन तास, आणि यात फोटो, खाणं, दम खाणं काहीच धरलेलं नाही. परत कधी फिरायचं ती वेळ खालीच ठरवा, टॉप आला नाही तरी फिरायचं. टॉर्च सॅकमध्ये असू द्याच.

अगदी अंगावर येणारा चढ असेल तर पावलं छोटी टाका, तळवा पूर्ण टेकवा, रुंदी असेल तर नागमोडी चढा, पण वाट सोडून शॉर्टकट मारू नका, माती सुटते आणि पुढच्या पावसात तिथेच ओघळ पडतो. एक ट्रिक फार कामाची आहे: प्रत्येक पावलाला मागचा पाय क्षणभर सरळ ताठ करा, वजन हाडांवर जातं आणि मांडीला तेवढीच विश्रांती मिळते. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, एकमेकांच्या थेट खाली राहू नका, आणि दगड निसटला की लगेच जोरात ओरडा, लाजू नका.

आता व्ह्यू. आधी पाय थांबवा, मग मान वळवा, चालता चालता दरी बघणं म्हणजे ठेच ठरलेली. सेल्फीसाठी मागे सरकायचं तर नाहीच नाही, फ्रेममध्ये मावत नसेल तर नाही मावत! सकाळी लवकर पोचलात तर डोंगरांच्या रांगा सुट्या सुट्या दिसतात, दुपारी धुरकट होतं आणि सगळं सपाट वाटतं. वर वारा असतो, त्यात दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून घामेजलेल्या टी-शर्टवर बसून राहू नका, थंडी वाजायच्या आधीच जॅकेट चढवा. गडगडाट ऐकू आला की फोटो गेले खड्ड्यात, धारेवरून खाली उतरा आणि एकट्या झाडाखाली थांबू नका.

उतरण सोपी वाटते पण माझ्या मते निम्मी ताकद तिच्यासाठी राखायला हवी. उतरायच्या आधी घोट्यापाशी लेस घट्ट करा, नाहीतर अंगठे बुटात आपटून नखं काळी पडतात. गुडघे किंचित वाकलेले ठेवा, काठ्या असतील तर थोड्या लांब करा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारत असतात, त्यामुळे खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, तेव्हा झोपून राहण्यापेक्षा सपाटीवर थोडं चाला, आणि जिना उतरताना कठडा धरा, लोक हसले तर हसू देत.