सहावीचं वर्ष अनुक्रमणिकेवर बसवा

घरीच शिकवताना जूनमध्ये आखलेलं वेळापत्रक गणपतीपर्यंत कोलमडतं, आणि मूल हिरमुसतं.

१. बालभारतीची सहावीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्या. छापायची फक्त अनुक्रमणिका. ती कपाटाच्या दारावर चिकटवा.

२. आधी तारखा लिहूच नका. धडा संपला की त्यापुढे मुलानेच तारीख टाकायची. मुलांना हे फार आवडतं.

३. दर चौथा आठवडा कोरा ठेवा, राहिलेल्यासाठी. आमच्याकडे १/२ अधिक १/३ अशाच आठवड्यात उमगलं, पोळीचे सहा सारखे तुकडे करून: तीन आणि दोन, म्हणजे ५/६.

पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) आठवीच्या तोडीची परीक्षा द्यायची असेल, तर तिचा अभ्यासक्रम मात्र आत्ताच पाहून ठेवा.