जुने डिझाइन सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही किंवा लायसन्सवर अडते, तेव्हा काय करावे

ऑटोकॅड २०१४ किंवा फोटोशॉप सीएस६ नव्या संगणकावर टाकताना गाडी दोन ठिकाणी अडते. एक तर इन्स्टॉलर निम्म्यावर थांबून केलेले सगळे परत काढून टाकतो. नाहीतर प्रोग्राम नीट बसतो, पण लायसन्सच्या खिडकीपुढे सरकत नाही. आपले दुखणे यातले कोणते, हे आधी ठरवा. लायसन्स अडले म्हणून सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणारे खूप असतात. त्यात तासभर जातो आणि बहुधा फरक पडत नाही, कारण लायसन्सची नोंद वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि अनइन्स्टॉल केल्यावरही ती तिथेच राहते.

आधी हे तपासा

सॉफ्टवेअर आणि विंडोज किंवा मॅकओएस यांच्या काही जोड्या जमतच नाहीत. मॅकओएस कॅटालिना १०.१५ पासून (२०१९) ३२-बिट प्रोग्राम चालत नाहीत, त्यामुळे सीएस६ चा मूळ इन्स्टॉलर तिथे उघडतही नाही. ६४-बिट विंडोजवर १६-बिट इन्स्टॉलर चालत नाही. फार जुन्या आवृत्त्यांचे सक्रियकरण सर्व्हरही (लायसन्स खरे असल्याची खात्री करून प्रोग्राम चालू करणारे कंपनीचे संगणक) बंद झालेले असतात, जसे अडोबी सीएस२ चे. तुमच्या आवृत्तीचे सक्रियकरण अजून चालू आहे का, हे कंपनीच्या मदत पानावर पाहून मगच कामाला लागा.

इन्स्टॉलर मध्येच थांबत असेल तर

१. सगळ्या फाइली सीडी, पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. फोल्डरात फोल्डर असा लांब पत्ता झाला की जुने इन्स्टॉलर फाइल सापडत नाही म्हणून थांबतात.

२. विंडोजचे अर्धवट राहिलेले अपडेट पूर्ण करून संगणक रीस्टार्ट करा. १६१८ हा त्रुटी क्रमांक दिसला, तर मागे दुसरे काहीतरी इन्स्टॉल होत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

३. अँटिव्हायरस तेवढ्यापुरता थांबवा आणि सेटअप फाइलवर राइट क्लिक करून ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

४. तरीही अडले, तर लॉग, म्हणजे इन्स्टॉलरने काय काय केले याची नोंद, वाचा. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये इंग्रजीत टेम्प लिहून एंटर करा. उघडलेल्या फोल्डरमधली सर्वांत ताजी लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द इंग्रजीत शोधा. खरे कारण बहुतेक वेळा त्याच्या वरच्या दहा-वीस ओळींत असते.

पडद्यावर दिसणारा १६०३ हा क्रमांक 'काहीतरी बिघडले' यापलीकडे काहीच सांगत नाही. त्याच्या नावाने मिळणारे पन्नास उपाय एकामागून एक करत बसू नका. १९३५ आला, तर डॉट नेट किंवा व्हिज्युअल सी प्लस प्लस या, इतर प्रोग्राम चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पॅकेजांचे घटक बसवताना घोळ झाला आहे. ५१०० हा क्रमांक मात्र नेमका आहे: इन्स्टॉलरसोबत आलेल्या व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० पेक्षा नवे २०१० चे पॅकेज संगणकावर आधीच आहे. छोटे पॅकेज थांबते आणि मोठा इन्स्टॉलर त्यालाच अपयश समजून सगळे गुंडाळतो. अशा वेळी २०१० ची ३२ आणि ६४-बिट अशी दोन्ही पॅकेजे काढा, सॉफ्टवेअर बसवा आणि मग ताजे पॅकेज पुन्हा टाका. बाकीच्या सालांच्या पॅकेजांना हात लावू नका, इतर प्रोग्राम त्यांच्यावर चालतात.

डॉट नेटबाबत गल्लत होते ती अशी. ४.० मागणाऱ्या प्रोग्रामला ४.८ चालते, पण ३.५ मागणाऱ्याला चालत नाही. विंडोज १० मध्ये ३.५ हे वेगळे चालू करावे लागते: कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, मग विंडोज फीचर्स चालू-बंद करण्याची यादी, आणि तिथे ३.५ समोर खूण.

लायसन्स अडले असेल तर

आधी सीरियल क्रमांक पुन्हा टाइप करा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल नेहमीची. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या उत्पादनांना सीरियल क्रमांकासोबत पाच अक्षरांची प्रॉडक्ट की लागते आणि ती दरवर्षी बदलते: ऑटोकॅडच्या कीमधले चौथे अक्षर २०१३ ला ई, २०१४ ला एफ, २०१५ ला जी. गेल्या आवृत्तीची की टाकली, तर क्रमांक खरा असूनही तो नाकारला जातो.

मग तारीख, वेळ आणि टाइम झोन पाहा. घड्याळ मागे गेलेले दिसले की फ्लेक्सनेट ही लायसन्स तपासणारी यंत्रणा उणे ८८ ही त्रुटी देते.

त्यानंतर विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत फ्लेक्सनेट लायसन्सिंग सर्व्हिस चालू आहे का ते बघा. ती चालू असूनही ऑटोडेस्कचा २०१९ किंवा त्याआधीचा प्रोग्राम उघडताच बंद होत असेल, तर लायसन्सची नोंद खराब झालेली असू शकते. सर्व्हिस थांबवा, सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटा या लपवलेल्या फोल्डरात फ्लेक्सनेट फोल्डर उघडा. अ‍ॅडस्कफ्लेक्सने सुरू होणारी आणि टीएसएफ डॉट डेटाने संपणारी फाइल शोधून तिच्या नावापुढे 'जुनी' जोडा. सर्व्हिस चालू करून पुन्हा सक्रिय करा. फाइल पुसू नका आणि पूर्ण फोल्डर तर नकोच, कारण दुसऱ्या कंपन्यांच्या नोंदीही तिथेच असतात. २०२० पासून ऑटोडेस्कची पद्धत बदलली, तिथे हा उपाय लागू नाही.

सीएस५ आणि सीएस६ मध्ये त्रुटी १६ दिसली, तर प्रश्न क्रमांकाचा नसून परवानग्यांचा असतो. प्रोग्रामडेटातील अडोबीच्या फोल्डरमध्ये एसएलस्टोअर आणि ३२-बिट प्रोग्राम फाइल्सच्या कॉमन फाइल्समध्ये अडोबी पीसीडी, या दोन फोल्डरांवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टम यांना पूर्ण अधिकार द्या. एसएलस्टोअर नसेलच, तर त्याच नावाचे रिकामे फोल्डर तयार करा.

संगणक दुसऱ्याकडून आला असेल, तर होस्ट्स फाइलही (कोणत्या नावासाठी कोणत्या पत्त्यावर जायचे हे संगणकाला सांगणारी विंडोजची फाइल) उघडून पाहा. कधीकाळी कुणी चोरीची प्रत चालवण्यासाठी कंपनीचे सर्व्हर तिथे अडवून ठेवलेले असतात आणि तुमचे खरे लायसन्सही मग बाहेर पोहोचत नाही. त्या ओळी काढून टाका.

ऑफिसातल्या नेटवर्क लायसन्सवर (एका सर्व्हरवरून सगळ्यांना मिळणारे लायसन्स) उणे १५ ही त्रुटी म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये २७००० ते २७००९ आणि ऑटोडेस्कसाठी २०८० हे पोर्ट उघडे हवेत. उणे ४ म्हणजे सगळ्या जागा भरल्या आहेत, कुणीतरी प्रोग्राम बंद करेपर्यंत थांबा.

सीएस६ एका क्रमांकावर दोनच संगणकांवर सक्रिय राहते. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याआधी हेल्प मेनूतून ते निष्क्रिय करा, नाहीतर ती जागा अडकून बसते आणि नव्या संगणकावर हाच खटाटोप पुन्हा करावा लागतो.