खड्डा भरण्याआधी गटार बघा

रस्ता उखडला की पहिलं वाक्य ठरलेलं: "डांबर खाल्लं." खातातही, नाही कशाला म्हणू? पण मी पाहिलेले बरेच रस्ते डांबर पुरेसं असूनही पाण्याने मेले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वळणावर आम्ही एकाच पावसाळ्यात एकच खड्डा तीनदा भरला. दोनदा झाडूने पाणी लोटलं, मिक्स ओतलं, वरून ट्रकचं चाक फिरवलं. आठवड्यात खड्डा पुन्हा तोंड वासून तयार! तिसऱ्या वेळी भर पावसात तिथेच उभा राहिलो. ट्रक गेला की बाजूच्या भेगेतून दुधट पाण्याची चिळकांडी उडायची. तो रंग खालच्या थरातल्या बारीक भुकटीचा. चाकाच्या दाबाने पाणी ती उपसून काढत होतं आणि खडीवरचं डांबरही सोलत होतं. साइडपट्टी गवत-मुरमाने रस्त्यापेक्षा चार बोटं उंच झालेली. पुढे एकाने अंगणात गाडी न्यायला पाइप न टाकताच गटार बुजवलेलं. पाणी जाणार कुठे? टिकावाने साइडपट्टी कापली, गटार उघडलं (त्यावरून जे भांडण झालं ते वेगळंच), मग खड्डा चौकोनी कापून, कडांना डांबर लावून भरला. तो टिकला.

नव्या रस्त्यावर मी बादलीभर पाणी मधोमध ओततो. जोराच्या पावसाच्या भागात उतार २.५ टक्के हवा. ७ मीटर रस्त्याला मध्य कडेपेक्षा जवळजवळ ९ सेंटीमीटर उंच. पाणी रेंगाळलं, तर बाकी चाचण्यांचे कागद मला दाखवू नका.

टॅक कोटचं, म्हणजे जुना आणि नवा थर चिकटवायला मध्ये फवारतात त्या पातळ डांबराचं, इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) तपकिरी असताना पेव्हर, म्हणजे माल पसरायचं यंत्र, चढवू नका, काळं पडू द्या. नव्या पोरांना तेवढा अर्धा-पाऊण तासही दम धरवत नाही. मग एसटी थांब्यापाशी, जिथे ब्रेक लागतात, तिथे थर सरकून सुरकुत्या पडतात.

"वाफ येतेय म्हणजे गरम आहे" हे तर ऐकूच नये. गार सकाळी वाफ कशातूनही येते. थर्मामीटर खुपसा. व्हीजी-३० (घट्टपणावरून ठरलेली डांबराची एक प्रत) चा माल १४० अंशांच्या खाली पसरू नका, ९० च्या आत यायच्या आधी रोलिंग संपवा. निळसर धूर दिसला तर डांबर प्लांटवरच करपलंय, गाडी परत.

विदर्भातल्या उन्हात मऊ डांबर वापरलं की चाकोऱ्या पडणारच. तिथे त्याहून घट्ट व्हीजी-४०.

ओव्हरलोड? अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट, तर रस्त्याची झीज साधारण १६ पट.

मगरीच्या पाठीसारख्या भेगा असतील तर वरून कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, टाकून झाकू नका, खालचा थर गेलाय, उकरावाच लागेल. एकटीदुकटी भेग असेल तर मेमध्येच भरून घ्या. जूनमध्ये मला फोन करू नका.