"आधी वजन कमी करा" ऐकावं लागेल म्हणून डॉक्टरकडे जाणं टाळताय? मग असं करून बघा

मी दम लागतो म्हणून दीड वर्ष डॉक्टरकडे गेलेच नाही, कारण त्याआधी गेले तेव्हा काट्यावरून उतरायच्या आत "दहा किलो उतरवा मग बघू" असं ऐकवलं होतं, तेही बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल असं. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फक्त 7.5 निघालं!

लाज नुसती मनाला लागत नाही, अंगावरही निघते. कोण काय बोलेल या धास्तीत सतत राहिलं की कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) चढतं, झोप बिघडते, खा-खा होते, आणि चारचौघांत चालायला जायचीही लाज वाटते ते वेगळंच. 2015 साली अमेरिकेतल्या 18 हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला होता, त्यात वजनावरून वाईट वागणूक मिळालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्के जास्त दिसला, आणि हे बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याचा) हिशोब धरूनसुद्धा बरं का.

तर जायच्या आधी त्रास कागदावर लिहा. कधीपासून, किती जिने चढल्यावर, पाळीत किती जातं वगैरे. ऐनवेळी घाबरून आपण "तसं काही नाही" म्हणतो, मी म्हटलंय.

बीपीचं मात्र नीट बघा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं जास्त येतं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी मोजून दाखवलं, एक्स्ट्रा लार्ज पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी 20 ने जास्त, म्हणजे नसलेल्या बीपीच्या गोळ्या सुरू व्हायच्या! म्हणून सरळ विचारायचं, "मोठा कफ (म्हणजे हाच पट्टा) आहे का?" घरी मशीन घेणार असाल तर शिवणाच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा आणि पट्ट्यावर किती सेंमी लिहिलंय ते बघूनच घ्या.

वजनावर गाडी अडली तर भांडू नका, शांतपणे विचारा, "डॉक्टर, हाच त्रास बारीक पेशंटला असता तर काय तपासलं असतं?" माझं काम यानेच झालं. वजनाचा शुगरशी, गुडघ्यांशी संबंध असतो, नाही कोण म्हणतंय, पण बाकीचं तपासायचं राहू नये एवढंच.

आणि बारीक लोकांनीही हसू नये हं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे अभ्यासक डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी मोजली तर याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. हे 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात फोटोसकट छापून आलंय. म्हणजे बीएमआय सारखा असला तरी आतली चरबी वेगळी, त्यामुळे नुसता वजनकाटा बघून शुगर कळत नसते.

सोबत कुणाला तरी न्या, धीर येतो. फक्त "मी हिला कधीची सांगतेय भात सोड" म्हणणारी मावशी नको.